शिवकन्येचे पाच साक्षीदार

आमच्या लातूरजवळच्या मुरुडमध्ये माणूस ओळखायचा झाला तर आधी विचारतात, ‘कोणाचं?’ नाव त्याच्यानंतर, आणि तेही लक्षात राहीलच असं नाही. माझी धाकटी शिवकन्या बाजारपेठेत आजवर ‘मलप्पा भांडेवाल्याची’ म्हणूनच ओळखली गेली. मोठी अक्षरा लग्न होऊन ‘महांतेशची’ झाली. मी स्वतः गुरम्मा आहे हे तर फक्त गॅसच्या पुस्तकाला ठाऊक आहे. त्यामुळे शिवकन्या फार्मसीची पदवी घेऊन आली आणि जेवताना म्हणाली, ‘आप्पा, आता माझी ओळख फक्त माझ्या हातात ऱ्हाणार हाय,’ तेव्हा आमच्या मालकांचा घास हातातच राहिला. त्यांना वाटलं, पोरगी कुणाचा तरी हात धरून राहिली.

तसं काही नव्हतं. तिच्या मोबाइलमध्ये ‘स्वमुद्रा’ नावाचं एक ॲप होतं. तिची पदवी, औषधविक्रेता म्हणून झालेली नोंदणी, जन्मतारीख, सगळं विद्यापीठानं आणि बाकीच्यांनी आपापली मोहर मारून त्यात पाठवलेलं. ते उघडायची किल्ली फक्त तिच्या फोनमध्ये. कंपनीला दिसत नाही, सरकारला दिसत नाही, चोराला दिसत नाही.

‘आन् मग हाफिस कुठं हाय ह्याचं?’ मालकांनी विचारलं.

‘हाफिसच न्हाई, आप्पा. तेच तर चांगलं हाय.’

‘म्हंजे सायेब न्हाई?’

‘न्हाई.’

‘मग अडलं-नडलं तर चहा कुणाला पाजायचा?’

मालकांच्या मते तिथंच त्या ॲपची लायकी कळली होती. पण इलाज नव्हता. नांदेडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात तिची औषध विभागात निवड झाली होती. त्या दवाखान्याला खोट्या कागदांनी पूर्वी चांगलंच पोळलेलं, म्हणून ते आता कागद हातातच घेत नव्हते. रुजू व्हायच्या दिवशी स्वमुद्रेतून पदवी दाखवायची, नाहीतर यादीतली पुढची मुलगी उभीच होती. तिची खरी पदवी, खऱ्या शिक्क्याची, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कपाटात साड्यांखाली होती. ती बघायला कोणी तयार नव्हतं.

फोन हरवला तर काय, ह्याचीही सोय त्या ॲपनं करून ठेवली होती. आपण पाच विश्वासू साक्षीदार नेमायचे. प्रत्येक साक्षीदारानं आपल्या फोनवर एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून ठेवायचं, असा प्रश्न की ज्याचं उत्तर फक्त तुम्हा दोघांनाच माहीत असेल. फोन गेला की नव्या फोनवर ते प्रश्न येतात. पाचातल्या तिघांची उत्तरं बरोबर आली की ती तीच आहे हे ठरलं, सगळं परत मिळतं. एका साक्षीदाराचं उत्तर तीनदा चुकलं की तो साक्षीदार महिनाभरासाठी बंद.

शिवकन्येनं आपल्या मनानं पाच जण काढले होते. तिची वर्गातली धम्मप्रिया, लातूरच्या होस्टेलमधल्या दोघी, अक्षरा, आणि एक कोण मॅडम. मालकांनी ते ऐकून हातच झटकले.

‘घरच्या पोरीची किल्ली भाईरच्यांच्या हाती? बिलकूल न्हाई. साक्षीदार मी ठरवतो.’

आणि मग आमचे मालक ओट्यावर तस्सेच बसले, जसे अक्षराच्या लग्नपत्रिकेत नावं कोणत्या क्रमानं छापायची हे ठरवताना बसले होते. भरवसा कोणावर, हा विचार त्यांच्या डोक्याला शिवला नाही. रुसेल कोण, एवढंच त्यांनी पाहिलं. साक्षीदार म्हणजे त्यांच्या लेखी फेटा बांधायचे मानकरी. पहिले ते स्वतः. मग त्यांचे थोरले भाऊ, उदगीरचे गुंडप्पा भावजी, कारण त्यांना डावललं तर ते पुढच्या कार्याला उंबरा ओलांडणार नाहीत. आईच्या बाजूचा एक हवा म्हणून माझा धाकटा भाऊ शिवप्पा, शिरूर अनंतपाळचा. मग जावई महांतेश, कारण जावयाला न विचारता आमच्याकडे देव्हाराही हलत नाही. आणि पाचवे पतसंस्थेचे चेअरमन शेषेराव साहेब. त्यांनी दहावीच्या सत्काराला शिवकन्येच्या हातात नारळ दिला होता, एवढीच ती ओळख. पण यादीला वजन यावं लागतं.

‘अन् मी?’ मी विचारलं.

‘तू घरातच हायस की.’

मी तव्यावरची भाकरी उलटली. मालकांनी चौघांच्या घरी टॉवेल-टोपी आणि नारळ पाठवला, आणि शिवकन्येची स्वतःची ओळख पाच पुरुषांच्या खिशात सुखरूप जाऊन बसली.

नोकरी लागली की माहूरला रेणुकामातेला ओटी भरीन असं मी बोलले होते. रुजू व्हायचं होतं सोमवारी, म्हणून आम्ही गुरुवारीच गेलो. दर्शन झालं. बाहेर कठड्यापाशी आल्यावर मालकांना हुक्की आली की गुंडप्पा भावजींना व्हिडिओवर गड दाखवावा. त्यांच्या फोनची बॅटरी गेलेली. शिवकन्येचा फोन घेतला, कठड्याबाहेर हात लांब करून ‘ते बगा दादा, खाली जंगल’ असं म्हणाले, आणि भावजींना जंगल अगदी जवळून दिसलं. फोन दगडांवर आपटत खाली झुडपात गेला. मालक पुन्हा पुन्हा स्वतःच्या हाताकडे बघत होते, जणू हात परका आहे.

शिवकन्या रडली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, ‘साक्षीदार हायत की, आप्पा.’

शुक्रवारी नवा फोन आला, जुना नंबर चालू झाला. तरी मालकांनी आधी आपल्या पद्धतीनं दिवस घालवला. लातूरला, नांदेडला ज्याचं म्हणून कुठं चालतं त्या सगळ्यांना फोन लावले, की स्वमुद्रेचा साहेब कोण ते बघा. कुणालाच सापडेना. संध्याकाळी ते संतापून ओट्यावर आले.

‘सायेब न्हाई म्हंजे काय? स्मशानभूमीला बी समिती असती!’

शेवटी शिवकन्येनं साक्षीदार उघडले. पहिला प्रश्न वडिलांचा. आपण काय लिहिलं होतं ते मालकांना आठवत नव्हतं. पडद्यावर आलं: ‘तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव काय?’ फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेलं हे गुपित आमच्या दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं आहे. हिरवी खूण आली. मालक म्हणाले, ‘बगितलं? बापच कामाला येतो.’

चेअरमन साहेबांचा प्रश्न त्यांच्या पीएनं लिहिला असणार. ‘साहेबांचा वाढदिवस कधी असतो?’ शिवकन्येनं माझ्याकडे पाहिलं. मला एकदम आठवलं, चौकात साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अजून लटकतोय. वाढदिवस होऊन गेला तरी तो काढायची कोणाची छाती नाही. मालक स्कूटर काढून गेले आणि फ्लेक्सचा फोटो घेऊन आले. हिरवी खूण. उद्या ही पोरगी समोर उभी राहिली तर ज्यांनी ‘कोण ही?’ असं विचारलं असतं, त्यांनी ती तीच असल्याची ग्वाही दिली. मला हसू आवरेना, आणि शिवकन्याही हसली. तेवढीच काय ती त्या दिवसांत हसली.

आता एकच साक्ष हवी होती आणि तिघं बाकी होते. तिघंही घरचे, म्हणून आम्ही निर्धास्त.

जावईबापूंचा प्रश्न आला: ‘लग्नात माझ्या मोठ्या काकांना फेटा का बांधला नाही?’ शिवकन्येनं लिहिलं, ‘गडबडीत राहिलं.’ लाल. ‘फेटे कमी पडले.’ लाल. मालक म्हणाले, माफी मागून टाक. तिनं लिहिलं, ‘आमची चूक झाली.’ लाल, आणि जावईबापू महिनाभरासाठी बंद. मी अक्षराला फोन केला, तर ती हळू आवाजात म्हणाली, ‘अव्वा, त्यांनी उत्तराच्या जागी नुसतं टिंब टाकलंय. त्यांना उत्तर नकोच हाय, प्रश्न पाहिजे.’

मग माझा भाऊ. मी मनात म्हटलं, माझं माहेर मला खाली बघायला लावणार नाही. पडद्यावर आलं: ‘मामाच्या घरी मुक्कामाला शेवटची कधी आलीस?’ मी लगेच शिवप्पाला फोन लावला.

‘शिवप्पा, काय लिव्हलास रं? लवकर सांग, पोरीचं काम अडलंय.’

‘अक्का, तिला याद न्हाई ना?’ तो म्हणाला. ‘मग ऱ्हाऊ दे.’

‘अरे, ती शिकून राहिली होती लातूरला, कवा येणार ती?’

‘लातूरहून आमचं शिरूर लांब हाय का? ऱ्हाऊ दे, अक्का. गरिबाच्या घरी कोण येतं.’ आणि त्यानं फोन बंदच करून टाकला. माझ्याच भावाचे दोन ट्रॅक्टर आहेत. शिवकन्येनं तीन वेगवेगळी सालं टाकून पाहिली, तिन्ही लाल. मालकांनी माझ्याकडे बघून जो सुस्कारा सोडला तो मला अजून विसरता येत नाही. जंगलात फोन ह्यांनी टाकला, आणि सुस्कारा माझ्या माहेरावर.

शनिवारी गुंडप्पा भावजी तेवढे उरले. त्यांचा प्रश्न: ‘तुझ्या शिक्षणासाठी सगळ्यात जास्त कोण झिजलं?’

शिवकन्येनं तो प्रश्न दोनदा वाचला. मी भाजी निवडत होते, पण माझं लक्ष तिच्या बोटांकडे होतं. खरं सांगते, मला वाटलं ती ‘अव्वा’ लिहील. चुकलं असतं ते, लाल खूण आली असती, पण मला चाललं असतं. तिनं लिहिलं, ‘मी.’

लाल खूण आली, आणि पाठोपाठ भावजींचा फोन. चुकीचं उत्तर आलं की ते साक्षीदाराला दिसतं, अशी त्या ॲपची पद्धत.

‘मलप्पा, तुझ्या पोरीनं काय लिव्हलंय बगितलंस का? मी! अरे, ॲडमिशनला लातूरला माज्या जीपमधून गेली ती!’

‘दादा, लहान हाय ती, चुकून बोट लागलं. तुमी तेवढं उत्तर सांगा, म्हंजे टाकून देतो.’

‘मी न्हाई सांगणार. फोनवर उत्तर कुणाला सांगू नका म्हणून ती रिंगच्या आधी बोलणारी बाई रोज कानीकपाळी ओरडून राहिली. आन् सांगायची गरजच काय? जिच्या मनात आसंल ती लिव्हील.’

उत्तर काय आहे ते घरातल्या मांजरालाही कळलं होतं. मालक शिवकन्येपुढे जाऊन बसले. हात जोडायचे तेवढे बाकी होते.

‘लिव्ह बाई. दोन शब्द हायत. तुजं काय जातं?’

‘आप्पा, एकदा जीपमधून गेले मी. एकदा! रोज सकाळी मुरुडहून एसटीनं लातूर, शेवटच्या दोन वर्षांत होस्टेल, रात्री मेडिकलच्या दुकानात उभं राहून काम. ते कोण केलं?’

‘तूच केलंस. कोण न्हाई म्हणतंय? पण ॲपला कुठं खरं पाहिजे, त्याला दादाचं उत्तर पाहिजे.’

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एवढं शहाण्यासारखं वाक्य दुसरं बोललेलं मला आठवत नाही, आणि ते नेमकं असल्या कामासाठी. शिवकन्येनं माझ्याकडे पाहिलं.

‘अव्वा, तू सांग. लिव्हू?’

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘नको’ म्हटलं असतं तर सोमवारी दुसरीच मुलगी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागे उभी राहिली असती. पण मी ‘लिव्ह’ म्हणाले ते एवढ्याच विचारानं नाही. तिनं ‘मी’ लिहिल्यापासून माझ्या पोटात एक बारीक आग होती. एवढी वर्षं डबे भरले, मध्यरात्री दार उघडलं, आणि हिला ‘मी’ सुचतं. म्हणून मी जरा कडकच म्हणाले, ‘लिव्ह.’

तिनं लिहिलं, ‘गुंडप्पा काका.’

हिरवी खूण आली. पदवी आली, नोंदणी आली, जन्मतारीख आली, पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: ‘स्वागत आहे शिवकन्या, तुमची ओळख पुन्हा फक्त तुमच्या हातात आहे.’ भावजींचा लगेच फोन. ‘मला म्हाईतच होतं, पोरगी इसरणार न्हाई. पेढे पाठवून राहिलो.’ मालक पेढ्यांचं ऐकून खूश. शिवकन्या उठून आत गेली आणि बॅग भरू लागली. दागिना उतरवल्यावर गळा दिसावा तसा तिचा चेहरा ओकाबोका झाला होता. मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

सोमवारी ती रुजू झाली. दवाखान्यातल्या बाईंनी फोन यंत्रासमोर धरायला लावला, टिंग वाजलं, झालं. ‘कोणाची?’ असं कोणी विचारलं नाही, हे तिनं मला फोनवर दोनदा सांगितलं.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. ‘अव्वा, मी साक्षीदार बदलून राहिले. तुला एक घेतलंय. आप्पांना आत्ताच सांगू नको.’

‘बाकी कोण?’ मी विचारलं. आवाजात लाडीगोडी ठेवली होती.

‘अक्षरा, धम्मप्रिया, इथल्या सिनियर सिंधुताई, आन् मेसच्या नागम्मा मावशी.’

‘मेसची बाई?’ मला झोंबलं. ‘महिना न्हाई झाला तुला जाऊन!’

‘तू आधी प्रश्न लिव्ह अव्वा,’ ती हसून म्हणाली. ‘फक्त आपल्या दोघींनाच ठावं असलेला.’

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. फोनवर माझं नाव आलं होतं: गुरम्मा, विश्वासू साक्षीदार. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या पाच शहाण्यांना आता दाखवते, माणूस ओळखणं म्हणजे काय ते. मी लिहिलं, ‘तुझ्या आजारपणात उशाशी कोण बसलं?’ उत्तर, ‘अव्वा.’ वाचून पाहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, ‘एसटीला उशीर झाला की फाट्यावर कोण उभं राहायचं?’ उत्तर, ‘अव्वा.’ परत वाचलं. परत पुसलं. कितीही वेळा लिहिलं तरी उत्तर एकच येत होतं. भावजींचाच प्रश्न होता, मी त्याला फक्त लुगडं नेसवत होते.

मग मी ठरवलं, आपलं नाव कुठंच आणायचं नाही. फक्त तिच्याबद्दल लिहायचं. ‘तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?’ ह्याला तर विचारही करावा लागला नाही. मी उत्तर लिहिलं, ‘हुग्गी.’ गूळ, गहू आणि वरून तुपाची धार. दर सणाला मी तिच्यासाठी वेगळं पातेलं काढते, आणि ती दोन वाट्या खाते.

पाठवून दिलं. नेमणूक पक्की व्हायला जिची ओळख तिनं एकदा उत्तर देऊन बघायचं असतं. मी फोन हातात धरून वाट बघत बसले. खूण आली ती लाल.

मी लगेच फोन लावला. ‘चुकलीस तू. नीट आठव. सणाला तुझ्यासाठी काय करते मी?’

‘हुग्गी लिव्हलीस व्हय, अव्वा?’

‘मग काय लिव्हू?’

‘मला हुग्गी आवडत न्हाई,’ शिवकन्या म्हणाली. अगदी हळू, मला लागू नये अशा बेतानं. ‘तुला करायला आवडती. म्हणून खायची मी.’

माझा हात फोन बंद करायच्या बटणावर गेला होता. शिवप्पाचीच बहीण मी. तोंडापर्यंत आलं होतं, ‘ऱ्हाऊ दे मग, तुझ्या मेसच्या बाईलाच विचार.’ रागानं डोळ्यांत पाणी आलं, आणि राग कुणाचा हेच कळेना. एवढ्या वर्षांच्या दोन-दोन वाट्या, त्या तिनं माझ्यासाठी खाल्ल्या, आणि मी समजत होते की मी तिला भरवते.

‘मग आवडतं काय तुला?’ मी विचारलं. विचारताना लाज वाटली.

‘इकडं ये ना एकदा,’ ती म्हणाली. ‘आप्पाला घेऊन न्हाई. तू एकटी ये.’

रविवारी सकाळी मी नांदेडच्या गाडीला निघाले. मालक ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि चष्मा खाली केला.

‘पोरीकडं निघालीस, डबा कुठं हाय? काय न्हेऊन राहिलीस तिला?’

‘काही न्हाई,’ मी म्हणाले. ‘काय न्यावं ते मला ठावं न्हाई.’